ओस घरांची साक्षीदार

टेक्सास राज्यातल्या चाइल्ड्रेस काउंटीत १९३८ साली टिपलेले एक छायाचित्र आहे. मधोमध एक लाकडी घर. त्याच्या चारी बाजूंनी नांगरलेली जमीन, आणि त्या नांगरटीचे तास वळसे घेत थेट घराच्या पायरीशी येऊन भिडलेले. अंगण उरलेले नाही, कुंपण नाही, परसातले झाड नाही. ट्रॅक्टर आला आणि शेतासकट त्या घरातल्या माणसांची सगळी वहिवाट नांगरून गेला. घर तेवढे उभे राहिले, कारण ते पाडण्याचे कष्टही कुणाला घ्यावेसे वाटले नसावेत. माणसे कुठे गेली हे सांगायला चित्रात कुणीही नाही.

हे चित्र घेणाऱ्या बाईचे नाव डोरोथिया लँग. जग तिला वेगळ्याच एका छायाचित्रासाठी ओळखते. हनुवटीला हात लावून दूर कुठेतरी पाहणारी आई, तिच्या दोन्ही खांद्यांवर तोंडे लपवलेली दोन मुले आणि मांडीवर झोपलेले तान्हे. 'मायग्रंट मदर' या नावाने ते चित्र इतक्या वेळा छापले गेले आहे, की नाव ठाऊक नसलेल्यांनीही ते कुठेतरी पाहिलेले असते. मला मात्र डोरोथियाची आठवण झाली, की आधी ते नांगरटीत अडकलेले ओसाड घर दिसते. तिची कारकीर्द सलग पाहिली तर एक गोष्ट फार जाणवते. माणूस आपले घर सोडून जातो तेव्हा मागे काय उरते आणि पुढे काय वाढून ठेवलेले असते, या एकाच प्रश्नाभोवती ती तीस वर्षे फिरत राहिली.

तिचा जन्म २६ मे १८९५ चा, न्यू जर्सीतल्या होबोकेन या गावातला. आईवडील दोघेही जर्मन वंशाचे. सातव्या वर्षी तिला पोलिओ झाला. त्यावरची लस यायला तेव्हा अजून अर्धे शतक अवकाश होता. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला आणि चालण्यात लंगडेपणा आला. बाराव्या वर्षी वडील घर सोडून गेले. पुढे तिने वडिलांचे नुट्झहॉर्न हे आडनाव टाकून आईचे माहेरचे लँग हे आडनाव लावले. घर मोडणे म्हणजे काय, हे तिला कुठल्या पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आई न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतल्या ग्रंथालयात नोकरी करू लागली. मुलगी तिच्याबरोबर शहरात येई, तिथल्याच शाळेत जाई आणि संध्याकाळी दारुडे, बेकार, बेघर माणसांनी भरलेल्या बावरी रस्त्याने एकटी चालत परते. कुणाचे लक्ष आपल्याकडे जाऊ नये अशा बेताने चेहरा ठेवून चालायचे कसब तिने तिथेच कमावले. पुढे आयुष्यभर तिला ते उपयोगी पडले. लंगड्या पायाचेही तसेच. ती हळू चालायची, त्यामुळे लोकांना तिची भीती वाटत नसे, असे ती स्वतःच मानत असे.

शाळा संपल्यावर तिने घरी जाहीर केले, की मी छायाचित्रकार होणार. गंमत अशी, की तोवर तिच्याजवळ कॅमेराच नव्हता. न्यूयॉर्कमधल्या नामवंत स्टुडिओंत उमेदवारी करून ती हे काम शिकली. १९१८ साली एका मैत्रिणीला घेऊन ती जगप्रवासाला निघाली आणि सॅन फ्रान्सिस्कोत दोघींचे पैसे चोरीला गेले. जगप्रवास तिथेच संपला. पोटासाठी एका दुकानात नोकरी धरली आणि वर्षभरात स्वतःचा स्टुडिओ थाटला. शहरातली सधन घराणी तिच्याकडे फोटो काढून घ्यायला येऊ लागली. १९२० साली मेनार्ड डिक्सन या चित्रकाराशी तिचे लग्न झाले, दोन मुलगे झाले. सगळे सुरळीत चालले होते.

१९२९ साली न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि अमेरिकेवर मंदीचे आभाळ फाटले. डोरोथियाच्या स्टुडिओच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसे. त्या रस्त्यावर दिवसेंदिवस बेकारांची गर्दी वाढत चालली. आत श्रीमंतांचे मुखडे आणि बाहेर हे चेहरे. १९३३ साली एके दिवशी ती कॅमेरा घेऊन खाली उतरली. 'व्हाइट एंजल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका बाईने बेकारांसाठी जवळच अन्नछत्र चालवले होते. तिथल्या रांगेतला एक म्हातारा गर्दीकडे पाठ करून, कठड्यावर कोपरे टेकून, हातांच्या मध्ये टिनचा डबा धरून उभा होता. मळकी टोपी डोळ्यांवर आलेली. तिने तो क्षण टिपला आणि स्टुडिओतले आयुष्य तिच्यापुरते संपले.

या सुमारास तिच्या संसारातही ओढाताण सुरू झाली होती. पैशांची चणचण आणि नवराबायकोतला दुरावा यांमुळे दोन्ही मुलांना दुसऱ्यांच्या घरी पैसे देऊन ठेवावे लागले. थोरला तेव्हा जेमतेम सातेक वर्षांचा, धाकटा चारेक. पुढे ती महिनोन् महिने फिरतीवर जाई तेव्हाही मुले अशीच परक्या घरी राहत. रस्त्यावरच्या आयांची आणि लेकरांची चित्रे टिपणाऱ्या या बाईची स्वतःची लेकरे दुसऱ्याच्या चुलीवर जेवत होती, हे सत्य नजरेआड करता येत नाही. मुलांना त्याचा राग होता आणि तिलाही त्याची सल होती. पण एखादा पुरुष छायाचित्रकार असाच फिरतीवर गेला असता, तर हा प्रश्न आपण तरी विचारला असता का, असेही माझ्या मनात येते.

१९३४ साली तिच्या रस्त्यावरच्या छायाचित्रांचे ओकलंडला प्रदर्शन भरले. ते पॉल टेलर या गृहस्थाने पाहिले. टेलर हा कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक. मेक्सिकोतून येणाऱ्या शेतमजुरांचा त्याचा अभ्यास दांडगा होता. नुसत्या आकड्यांनी सरकारला पाझर फुटत नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. राज्याच्या मदत खात्यासाठी स्थलांतरित मजुरांची पाहणी करताना त्याने डोरोथियाला बरोबर घेतले. खात्याच्या अंदाजपत्रकात छायाचित्रकाराची जागाच नव्हती, म्हणून कागदोपत्री तिची नेमणूक टंकलेखिका अशी झाली आणि फिल्मचा खर्च कचेरीच्या किरकोळ सामानात दाखवला गेला. सरकारी खाती जगभर सारखीच, आणि त्यातून वाट काढणारी माणसेही! त्यांच्या अहवालांचा परिणाम म्हणून मजुरांसाठी मेरीसव्हिल आणि आर्विन इथे पहिल्या दोन छावण्या उभ्या राहिल्या. डोरोथिया आणि टेलर यांनी आपापले घटस्फोट घेऊन १९३५ च्या डिसेंबरात लग्न केले. पुढची तीस वर्षे दोघांनी जोडीने काम केले.

माणसे घर सोडून का निघाली होती, हे थोडे समजून घ्यायला हवे. अमेरिकेच्या मधल्या पठारावर शतकानुशतके खोल मुळांचे गवत होते. पहिल्या महायुद्धात गव्हाला सोन्याचा भाव आला आणि ते गवत उलथून मैलोन् मैल गहू पेरला गेला. युद्ध संपले, भाव पडले. १९३१ पासून पाऊस रुसला. माती धरून ठेवणारे गवत नव्हते, मग वारा सुटला की जमीनच आकाशात जाऊ लागली. १४ एप्रिल १९३५ या दिवशी उठलेले वादळ तर एवढे भयंकर होते, की तो दिवस 'काळा रविवार' म्हणूनच इतिहासात राहिला. कॅन्सस, ओक्लाहोमा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि टेक्सासचा उत्तर भाग या पट्ट्यात दिवसाढवळ्या दिवे लावावे लागत.

पण दोष एकट्या धुळीचा नव्हता आणि डोरोथियाच्या कामाची थोरवी इथेच दिसते. शेतमालाचे भाव सावरण्यासाठी १९३३ साली सरकारने कायदा केला आणि जमीन पडीक ठेवणाऱ्याला पैसे देऊ केले. ते पैसे बहुतेक जमीनमालकांच्या हाती पडले. कित्येकांनी त्यातून ट्रॅक्टर घेतले आणि वाट्याने जमीन कसणारी कुळे हाकलून लावली. एका ट्रॅक्टरने अनेक कुटुंबांचे काम होऊ लागले, मग कुळे हवीत कशाला? दक्षिणेत कापसाच्या पट्ट्यात, जिथे धुळीचे वादळ फिरकलेही नव्हते, तिथेही घरे रिकामी झाली. लाकडाच्या गिरण्या बंद पडल्या तिथली अख्खी गावे ओस पडली. त्या दशकात पठारावरच्या राज्यांमधून सुमारे २५ लाख माणसे बाहेर पडली, असा अंदाज आहे. ट्रॅक्टरने वेढलेल्या त्या घराचे चित्र म्हणजे या साऱ्या अर्थशास्त्राचा एका चौकटीत मांडलेला ताळेबंद आहे.

यातली लाखो माणसे मोडक्या मोटारींवर गाद्या, भांडी, म्हातारी माणसे लादून कॅलिफोर्नियाकडे निघाली. तिकडे फळे आहेत, भाज्या आहेत, कामाला हात हवे आहेत, अशी वार्ता होती. प्रत्यक्षात काम थोडे आणि हात फार. मजुरीचे दर घसरले. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर चौक्या बसवून, खिशात पैसा नसलेल्या माणसांना परत पाठवण्याचाही उद्योग केला. आपल्याच देशात परके होण्याची ही गत. ओक्लाहोमावरून 'ओकी' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

याच वर्षी मार्च महिन्यात डोरोथिया महिनाभराची फिरती संपवून, पावसात एकटीच मोटार चालवत घराकडे निघाली होती. निपोमो गावापाशी वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळाची पाटी दिसली. ती पुढे निघून गेली. २० मैल गेल्यावर तिला राहवेना, तिने गाडी वळवली. गारठ्याने वाटाण्याचे पीक गेलेले होते, काम नव्हते. एका फाटक्या तंबूत ती आई मुलांना घेऊन बसली होती. डोरोथियाने थोड्या वेळात मोजकी छायाचित्रे घेतली, बाईचे वय ३२ असल्याचे टिपून ठेवले आणि ती निघाली. नाव मात्र विचारले नाही. छायाचित्रे सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रात छापून आली आणि सरकारने तळावर २०,००० पौंड, म्हणजे सुमारे नऊ हजार किलो अन्नधान्य पाठवले. तळावरच्या भुकेल्यांना ते मिळाले. ती आई मात्र तोवर मुलांना घेऊन पुढच्या कामाच्या शोधात निघून गेली होती.

ती कोण होती, हे जगाला कळायला ४२ वर्षे लागली. १९७८ साली फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन या वृद्धेने एका स्थानिक वृत्तपत्राला कळवले, की ती बाई मीच. ती मूळची ओक्लाहोमाची, चेरोकी या आदिवासी जमातीतली. धुळीच्या वादळांच्या बरीच आधी, १९२० च्या दशकातच तिचे कुटुंब कॅलिफोर्नियात आले होते. म्हणजे ज्या विस्थापितांचे प्रतीक म्हणून तिचा चेहरा जगभर गेला, त्या लाटेतली ती नव्हतीच. त्या कुटुंबाने गाडीचे टायर विकून अन्न घेतले, असे डोरोथियाने पुढे लिहिले होते. मुलांनी तेही नाकारले. फ्लॉरेन्सचे दुःख निराळे होते. आपल्या चेहऱ्यावर जग हळहळले, पण आपल्या हाती दमडी आली नाही आणि वर गरिबीचा शिक्का मात्र कायमचा बसला, ही तिची तक्रार होती. १९८३ साली ती आजारी पडली तेव्हा मुलांनी मदतीचे आवाहन केले आणि लोकांनी ३५,००० डॉलरहून अधिक रक्कम पाठवली. त्याच वर्षी ती गेली. तिच्या लेकरांना मग कळले, की त्या चित्राने अनोळखी माणसांच्या मनात किती घर केले आहे. नंतर १९९८ साली ते चित्र अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आले.

यात डोरोथियाचा दोष किती? चित्र सरकारी कामासाठी काढलेले, त्यामुळे त्याचे हक्क सरकारचे. त्याच्या विक्रीतून तिलाही काही मिळत नव्हते. तिची कीर्ती झाली, हे खरे. पण एरवी ही बाई लोकांशी बोलत बसायची, पाणी मागायची, मुलांना कॅमेऱ्याला हात लावू द्यायची आणि गाडीत परतल्यावर त्यांचे बोलणे आठवून शब्दशः वहीत उतरवायची. ती माणसे किती एकर कसत होती, मजुरी किती मिळाली, कुठून निघाली, हे सारे तिच्या टिपणांत सापडते. त्या एका पावसाळी दुपारी मात्र घाई झाली आणि नेमके तेच चित्र अजरामर झाले. नाव नसले की माणसाचे प्रतीक करणे सोपे जाते. मला वाटते, फ्लॉरेन्सच्या रागाचे मूळ पैशांपेक्षा इथे अधिक असावे.

१९३९ साली डोरोथिया आणि टेलर यांनी 'अ‍ॅन अमेरिकन एक्झोडस' हे पुस्तक काढले. गावे रिकामी होण्यापासून कॅलिफोर्नियाच्या तळांपर्यंतचा सारा प्रवास त्यात आहे. त्याच वर्षी स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी गाजत होती, युरोपात महायुद्ध पेटले होते. पुस्तक फारसे विकले गेले नाही. सरकारी खात्यातली तिची नोकरीही त्याच सुमारास संपली. खात्याचा प्रमुख रॉय स्ट्रायकर याच्याशी तिचे वरचेवर खटके उडत. 'मायग्रंट मदर'च्या कोपऱ्यात दिसणारा एक अंगठा तिने निगेटिव्हवरून पुसायला लावला, हे तर त्याला मुळीच रुचले नव्हते.

१९४२ साली जपानशी युद्ध सुरू असताना अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरांतून उठवून छावण्यांत कोंडले. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. या कामाची नोंद ठेवायला सरकारने डोरोथियालाच नेमले. तिने बंद दुकाने, पिकात उभी सोडलेली शेते, गळ्यात क्रमांकाच्या चिठ्ठ्या अडकवलेली मुले टिपली. काटेरी तारा आणि पहाऱ्याचे मनोरे टिपायला तिला मनाई होती. सरकारला त्या चित्रांतली सहानुभूती झोंबली आणि ती युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवली गेली. त्यांतल्या कित्येक चित्रांचे पुस्तक निघायला २००६ साल उजाडले.

युद्धानंतर पोटाच्या विकाराने ती खंगली, पण थांबली नाही. १९५४ मध्ये ती आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात गेली. तिथली तरुण माणसे पिढ्यान् पिढ्या अमेरिकेला आणि इंग्लंडला जात आली होती. या वेळी तिला ते गाव पाहायचे होते, जिथून माणसे निघतात. मग १९५६ साली पर्क्ल जोन्स या तरुण छायाचित्रकाराला घेऊन तिने कॅलिफोर्नियातल्या बेरिएसा खोऱ्यातले मॉन्टिसेलो हे गाव वर्षभर टिपले. तिथे धरण होत होते. घरे विकली, हलवली, जाळली गेली. झाडे तोडली. स्मशानातले मृतदेहसुद्धा उकरून दुसरीकडे नेले. मग पाणी चढले. उजाड झालेल्या खोऱ्यात भेदरून पळणाऱ्या एका घोड्याचे तिने घेतलेले चित्र पाहताना मला कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेली आपली गावे आठवतात. त्याच दशकात ते काम सुरू झाले होते. त्या गावांचे शेवटचे वर्ष असे कुणी नेमाने टिपलेले माझ्या तरी पाहण्यात नाही.

१९६४ साली तिला अन्ननलिकेचा कर्करोग असल्याचे निदान झाले. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिच्या साऱ्या कामाचे प्रदर्शन भरवायचे ठरवले होते. तिथे हा मान मिळणारी ती पहिली स्त्री छायाचित्रकार. दुखणे अंगावर काढत तिने एकेक चित्र निवडले. ११ ऑक्टोबर १९६५ रोजी ती गेली. प्रदर्शन उघडले ते त्यानंतर तीन महिन्यांनी, जानेवारी १९६६ मध्ये.

तिची चित्रे आपल्याला परकी वाटत नाहीत. दरवर्षी बीडकडची कुटुंबे कोयते आणि लेकरे घेऊन ऊसतोडीला निघतात. मागे गावात म्हातारी माणसे आणि कुलपे उरतात. कोकणातल्या कित्येक घरांची दारे गणपतीपुरती आणि शिमग्यापुरती उघडतात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्यांची घरे अजून त्या आठवणी सांगतात. मोठा कॅमेरा घेऊन कुणी डोरोथिया आपल्या दारी येईलच असे नाही. पण आपल्या प्रत्येकाच्या ट्रंकेत, कपाटात, गावच्या घरासमोर उभ्या असलेल्या माणसांचे एखादे पिवळे पडलेले छायाचित्र असतेच. आज रविवार आहे, घरातली वडीलधारी माणसे हाताशी आहेत. ते बाहेर काढावे, कोण कोण आहे ते विचारावे आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने नावे, गाव, साल लिहून ठेवावे. निपोमोच्या पावसात राहून गेले ते एवढेच काम होते.